बिनदलालीचे घर

मुंबई-ठाण्याकडे भाड्याचे घर शोधणाऱ्या गृहस्थास घरमालकापेक्षा दलालाचा राग अधिक येतो. अकरा महिन्यांच्या करारापायी एका महिन्याचे भाडे दलालीदाखल मोजावयाचे. आणि ते कशाबद्दल, तर चार जिने चढून एक दार उघडून दाखविल्याबद्दल! हा राग आम्हीही पुष्कळ केला आहे. तथापि दलाली नसली म्हणजे घर स्वस्त पडते, हा समज कितपत खरा आहे?

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडे पाहावे. नागली, वरई, भात निघाले, दिवाळी सरली, की तेथील कितीतरी आदिवासी कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामास निघतात व पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. भट्टीवर जाणाऱ्यांना घर शोधावे लागत नाही. भट्टीच्या कडेलाच विटा रचून, वर पेंढा किंवा ताडपत्री घालून खोप उभी राहते. अनामत नाही, भाडे नाही, दलाली तर नाहीच. परंतु काम सुटले की खोपही सुटते. आणि ज्याने मालकाकडून आगाऊ उचल घेतली, त्याला ती फिटेपर्यंत काम सोडण्याची सोय नसते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली खरी. भाड्याचा करार लेखी व नोंदलेला असावा, आणि ती जबाबदारी मालकाची, असेही १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने ठरविले. पण ज्या खोपीला भाडेच नाही, तिचा करार कोण करणार? शहरचा दलाल निदान एकदाच पैसे घेऊन दूर होतो.

म्हणून दलाली न्याय्य ठरते काय? आमच्या मते, तो विकतो काय हे आधी पाहिले पाहिजे. तो विकतो ती ओळख. आपल्या पाड्यावर कारवीच्या कुडाचे घर उभे करताना शेजाऱ्यांचे हात लागतात. तेथे ओळख विकत घ्यावी लागत नाही. त्याच पाड्यावरचा मुलगा शिकून ठाण्यास नोकरीला लागला, म्हणजे मात्र जिन्याखालीच त्याला विचारणा होते: आडनाव काय, गाव कोणते, खाणेपिणे कसे? प्रश्न दलालाच्या तोंडी असतात, पण ते त्याचे नव्हेत. ते आमचे, म्हणजे खोलीच्या मालकांचे, असतात.

आमची स्वतःची एक खोली मध्यंतरी रिकामी झाली, तेव्हा "माणसे आपल्यापैकी असावीत" एवढेच आम्ही दलालास सांगितले होते. त्याने आठवड्यात भाडेकरू आणून दिला. दलाली आम्ही, एरवी इतके कुरकुरणारे, आनंदाने दिली. तत्पूर्वी त्याने किती जणांना जिन्याखालूनच परत लावले, हे त्याने सांगितले नाही. आणि आम्हीही विचारले नाही.