न दिसणे आणि नसणे

जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही, हे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते? कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी त्यासाठी ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांना त्याची गरज वाटली नाही. अभावही इंद्रियांनीच कळतो, असे त्यांचे म्हणणे. एक अट मात्र दोघांनाही मान्य आहे: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. या अटीला ‘योग्यता’ म्हणतात.

हीच अट आजच्या बाजारातही लागू पडते. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि पुढे आसपास लहान उद्योग वाढले. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीतील फॅब्रिकेशनच्या एखाद्या शेडला पूर्वी काम ओळखीपाळखीतून मिळे. आता गिऱ्हाईक आधी गूगलवर शोधते, आणि पहिल्या पानावर नाव नसेल तर असा उद्योगच नाही असे धरून चालते. योग्यतेच्या कसोटीवर हा निष्कर्ष टिकत नाही, कारण बहुतेक वेळा दोष उजेडाचा असतो. कामांची यादी आणि पत्ता एकाच चित्रात कोंबलेला असतो. तो माणसाला वाचता येतो, शोधयंत्राला धड वाचता येईलच असे नाही. संकेतस्थळ तयार होत असताना घातलेली ‘नोइंडेक्स’ ही सूचना काढायची राहून जाते, आणि मग ते पान यादीत येतच नाही. पत्त्याचा घोळ तर खास इथला: ‘भिलाई-३’ हे चरोद्याकडचे वेगळे ठिकाण, ‘सेक्टर ३’ टाउनशिपमधला. नुसते ‘भिलाई ३’ लिहिणारा सेक्टरवाला गिऱ्हाइकाला भलत्याच गावी धाडतो. शिवाय शोधणारा ‘वेल्डिंग’ म्हणतो आणि पानावर फक्त ‘धातुजोडणी’ असते. या चुका दुरुस्त करणे म्हणजे घड्याजवळ दिवा नेणे. त्यात घड्याची थोरवी सांगितलेली नसते.

थोरवीचा प्रश्न शब्दप्रमाणाकडे नेतो. न्यायसूत्रांनुसार आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह जाणकाराचा, उपदेश हेच शब्दप्रमाण, आणि भाष्यकार वात्स्यायन आप्तत्व ऋषींपुरते राखत नाही; ते आर्याला असते तसे म्लेच्छालाही असू शकते. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली मांडलेल्या ‘पेजरँक’ या क्रमवारीच्या पद्धतीची कल्पना याच्याजवळ जाते: दुसऱ्या पानाने दिलेला दुवा ही साक्ष, आणि साक्षीचे वजन साक्षीदाराच्या वजनावर. फरक एवढाच, की आप्ताला विषय स्वतः ठाऊक असावा लागतो; दुवा देणाऱ्याला तो ठाऊक आहे की नाही, हे यंत्र तपासत नाही. विकत घेतलेले दुवे आणि खोटे अभिप्राय याच फटीतून शिरतात. गूगलने २०१२ साली ‘पेंग्विन’ हा बदल आणला तो अशा दुव्यांविरुद्ध. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले. ते ऐच्छिक आहे, ही त्याची मर्यादा.

दिवा नेला आणि साक्ष मिळाली, तरी पहिला क्रमांक हाती येईलच असे नाही. स्थानिक शोधात गूगल सुसंगती, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहते. यांतले अंतर शोधणाऱ्याच्या जागेवर ठरते. त्यामुळे दुर्गच्या स्टेशनवर उभ्या माणसाला एक यादी दिसते, राजनांदगावच्या माणसाला दुसरी. दोघांनाही दिसेल असा एकच पहिला क्रमांक मुळात कुठे नसतो.