चालत्या गाडीतून उतरवणे

परवा चिरंजीवांनी मला लिनक्सची एक गंमत दाखवली. संगणक चालू असतानाच त्यात नवा भाग जोडता येतो. ह्याला मॉड्यूल म्हणायचं. नकोसा झाला की काढताही येतो. मात्र काढण्याआधी यंत्र बघतं, ह्याच्यावर किती जण टेकून आहेत? आकडा शून्य नसेल तर साफ नकार!

मी पडलो बी.कॉम. कारकून, आकड्यापुढे मान तुकवणारच. पण एकदम आठवला तो आमच्या शाखेतला हंगामी शिपाई. चालत्या बँकेतूनच काढला त्याला. पेन्शनवाल्या आजींची स्लिप तोच भरून द्यायचा. आजी अजून विचारतात, "तो पोरगा कुठाय हो?"

त्याचा आकडा कुणी मोजलाच नव्हता. पत्र मीच टाइप केलं होतं. एकही चूक नव्हती.