राक्षसाचं शेवटचं मागणं

कादंबरीकाराची एक मोठी सोय असते. खलनायक त्याचा, तसा नायकही त्याचाच. खलनायकाने दार लावून घेतलं की नायकाने कुठल्या खिडकीतून उडी मारायची हेही तोच ठरवतो. टेबलाभोवती बसून खेळायच्या अद्भुतरम्य रोलप्लेइंग खेळात ही सोय नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या खेळाची मांडणी साधारण तीच आहे. चार-पाच जण एकेक पात्र घेतात आणि एक जण, म्हणजे गेममास्टर, उरलेलं सगळं जग सांभाळतो: गावं, राजे, व्यापारी, राक्षस. आपलं पात्र काय करतंय ते खेळाडू तोंडी सांगतो. ते जमतं की फसतं, याचा निकाल वीस बाजूंचा फासा देतो. खलनायक गेममास्टरने घडवायचा, पण त्याचा शेवट गेममास्टरच्या हाती नसतो.

नवा गेममास्टर नेमका इथेच फसतो. तो वहीभर कादंबरी लिहून आणतो: आधी जंगल, मग म्हातारा, मग म्हाताऱ्याने दिलेली किल्ली, मग किल्ला. खेळाडू पहिल्याच संध्याकाळी म्हाताऱ्यावर संशय घेतात, त्याला बांधून ठेवतात आणि किल्ली न घेताच भलत्या वाटेने निघून जातात. वही वाया जाते. मग गेममास्टर त्यांना ओढून-ताणून जंगलात परत आणतो आणि खेळ संपतो. उरते ती ऐकून घ्यायची गोष्ट.

आपल्याकडे या कलेचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे कोकणातला दशावतार. तिथे आख्यान ठरलेलं असतं, संवाद लिहिलेले नसतात; राजाने डिवचलं की राक्षसाने काय उत्तर द्यायचं हे रंगमंचावर उभ्या-उभ्या सुचावं लागतं. पण दशावतारातही राक्षस शेवटी मरणार, हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं. खेळाच्या टेबलावर तेवढीही हमी नाही. मग गेममास्टरने तयारी करायची ती कशाची?

सोलापुरात राहणाऱ्याला याचं उत्तर शोधायला शहराबाहेर जायला नको. आधी भुईकोट किल्ला बघावा. बहामनी सत्ता फुटल्यावर विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यामध्ये हे ठाणं अडकलं. सोळाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात आदिलशहाच्या बहिणीचं, बीबी मरियमचं, बुऱ्हाण निजामशहाशी लग्न झालं. हुंड्यात सोलापूर द्यायचं ठरलं होतं, असं निजामशाहीचं म्हणणं. प्रत्यक्षात किल्ला काही मिळाला नाही. या एका न पाळलेल्या शब्दावरून दोन घराणी कित्येक दशकं लढली. पुढे हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर पुन्हा हुंड्याच्या यादीत आलं. आणि मग ही दोन्ही घराणी 1565 मध्ये विजयनगरविरुद्ध तालिकोटला एका बाजूने उभी राहिली.

यात खलनायक कोण? तसं पाहिलं तर कोणीच नाही. एक वचन आहे, एक किल्ला आहे आणि त्यावर हक्क सांगणारे दोघे आहेत. कथानक बांधायला एवढं पुरतं. खेळाडूंनी काय करावं हे लिहिण्यापेक्षा, त्यांनी काहीच केलं नाही तर काय होईल, हे लिहावं. या महिन्यात दूत येईल, पुढच्या महिन्यात रसद तुटेल, पावसाळ्याआधी वेढा पडेल. खेळाडू मध्ये पडले की हे वेळापत्रक मोडेल, आणि ते मोडावं म्हणूनच तर ते लिहायचं. वाया गेलेल्या कादंबरीचं दुःख होतं, मोडलेल्या वेळापत्रकाचं होत नाही.

किल्ल्याला लागूनच सिद्धेश्वर तलाव आहे आणि तलावात मंदिर. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची जी कथा इथे सांगतात, तिच्यात तर भांडणसुद्धा नाही. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट धरला. ते विरक्त, लग्न शक्य नव्हतं. तिची भक्ती खोटी नव्हती, त्यांचं व्रतही खोटं नव्हतं. अखेर तिचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला. दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, संमती कट्ट्यावर, नंदीध्वजांच्या साक्षीने सोलापूरकर त्या लग्नाच्या अक्षता आजही टाकतात. दोन्ही बाजू खऱ्या असताना निघालेली ही तिसरी वाट आहे. खेळातले सगळ्यात चांगले क्षण असेच येतात, आणि अशी वाट गेममास्टरने आधी लिहून ठेवायची नसते. त्याने पेच प्रामाणिक ठेवावा. योगदंड खेळाडूंना सुचू द्यावा.

तरीही राक्षस हवाच. त्याच्याशिवाय तलवार म्यानातून निघत नाही. मात्र तो घडवताना बहुतेक जण त्याच्या ताकदीपासून सुरुवात करतात: किती उंच, किती हातांचा, कुठल्या शस्त्राने न मरणारा. आपल्या लोककथांची सुरुवात अशी असली तरी त्यांचं खरं लक्ष राक्षसाच्या शेवटाकडे असतं. मरताना राक्षस काहीतरी मागतो. कोल्हासुराने मागितलं की या नगराला माझं नाव राहावं. कोल्हापूर आजही ते नाव लावतं. सोलापूरच्या वेशीवर बाळ्यात खंडोबाचं देऊळ आहे, चंपाषष्ठीला तिथे यात्रा भरते. त्या खंडोबाने मारलेल्या मणी आणि मल्ल या दोघा भावांची कथा तर या बाबतीत धडाच आहे. मणीला पश्चात्ताप झाला. त्याने आपला घोडा देवाला दिला आणि तुझ्या देवळात मलाही जागा दे म्हणाला, ती मिळाली. मल्लाने जगाचा नाश मागितला. त्याचं डोकं पायरीशी आलं, भक्तांनी तुडवून जावं म्हणून.

दोघांचे अपराध सारखेच होते. फरक पडला तो मागण्यातून. म्हणून राक्षसाची शक्ती ठरवण्याआधी त्याचं मागणं ठरवावं. ज्याला काहीतरी हवं आहे त्याच्याशी बोलता येतं, सौदा करता येतो, त्याला फसवता येतं, क्वचित त्याचा मणीही करता येतो. ज्याला काहीच नको आहे, त्याला फक्त मारता येतं, आणि मारायला फासा पुरतो, खेळाडूची बुद्धी लागत नाही. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याने 1983 साली ‘रेव्हनलॉफ्ट’ हे साहस लिहिलं. त्यातल्या रक्तपिपासू सरदार स्ट्राडच्या मनात यावेळी काय आहे, हे खेळाच्या सुरुवातीला पत्ते काढून ठरतं. किल्ला तोच राहतो, पण इच्छा बदलली की सगळी मोहीम बदलते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. खलनायकाला इच्छा दिली, दुःख दिलं की त्याच्या कृत्यांवर पांघरूण पडत नाही का? मल्लाची पायरी याचं उत्तर देते. त्याचंही मागणं ऐकून घेतलं गेलं, आणि ऐकल्यानंतरच शिक्षा झाली. ऐकून घेणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. शिवाय राक्षस कोणाला म्हणायचं, हेही गोष्ट कोण सांगतो यावर ठरतं. पुराणात वामनाने पाताळात ढकललेला बळी महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’त (1873) रयतेचा न्यायी राजा होतो आणि वामन आक्रमक ठरतो. त्याच्या कितीतरी आधीपासून पाडव्याला घराघरांत बळीचं राज्य येवो असं म्हटलं जातंच आहे. गेममास्टरने आपल्या जगात निदान एक तरी गाव असं ठेवावं, जिथे राक्षसाच्या नावाने दिवा लागतो. खेळाडू तिथे पोचले की तलवार काढण्याआधी दोन प्रश्न विचारतील.

जुलमी सत्ता कशी दिसते, हेही सोलापूरने पाहिलं आहे. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथे उठाव झाला, गोळीबार झाला, काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरातून जवळपास उठला. 12 मे रोजी मार्शल लॉ लागला. त्या राजवटीत गांधी टोपी घालणं हासुद्धा गुन्हा ठरला. अशा सत्तेला काळा बुरूज लागत नाही की आग ओकणारा प्राणी लागत नाही. दोन हात कापडाला ती घाबरते, आणि त्या भीतीतूनच तिचे नियम निघतात. खेळात भयाण शहर उभं करायचं असेल तर कवट्यांचे ढीग रचू नयेत. वेशीवर एक क्षुल्लक वाटणारा हुकूम लावावा आणि तो मोडणाऱ्याचं काय होतं ते दाखवावं. खलनायकाला काय हवं आहे, याइतकाच तो कशाला भितो, हा प्रश्न महत्त्वाचा.

इथे एक मर्यादाही पाळावी. त्याच उठावाच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. सोलापूरच्या चौकात त्यांचे पुतळे आहेत. त्यांच्या मरणावर फासे टाकायचे नसतात. इतिहासातून सत्तेची रीत घ्यावी, माणसं घेऊ नयेत. कल्पित राज्याची सोय यासाठीच असते: तिथे उठाव फसला तरी कुणाच्या नातवाला मान खाली घालावी लागत नाही.

एवढं सगळं करूनही खेळाडू कधीकधी खलनायकाशी बोलणारच नाहीत, पहिल्या भेटीतच त्याच्यावर बाण सोडतील. सोडू द्यावा. महिनाभर घडवलेलं पात्र दोन मिनिटांत मेलं तर गेममास्टरने फासा लपवून त्याला वाचवू नये. खेळाडूंच्या निर्णयाला किंमत आहे, हे त्यांना त्या क्षणी जेवढं कळतं तेवढं एरवी कधी कळत नाही. राक्षसावर लेखकाने जीव लावावा, पण त्याला हरू देण्याची तयारी ठेवावी.

तेव्हा पुढच्या मोहिमेची वही उघडाल, तेव्हा तीनच गोष्टी लिहा: खलनायक काय मागतो, कशाला भितो, आणि कोणीच आडवं आलं नाही तर तो पावसाळ्यापर्यंत काय करून बसेल. शेवटाचं पान कोरं ठेवा. ते भरणारे लोक टेबलाच्या पलीकडे बसलेले आहेत.