वडिलांचं दफ्तर

पुण्यात सकाळी पेपर हातात आला की बरीच ज्येष्ठ मंडळी आधी निधनवार्तांचं पान उघडतात. तिथे एकेकाच्या वाट्याला चार ओळी आलेल्या असतात. मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबवत्सल. पश्चात पत्नी, मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार. अंत्यसंस्कार वैकुंठ स्मशानभूमीत. त्यातलं काही खोटं नसतं. पण त्याच ओळी शेजारच्या चौकटीतल्या माणसालाही लागू पडतात. तालुक्याच्या गावाहून येऊन, वाड्यातल्या दोन खोल्यांत संसार मांडून, भावंडांची शिक्षणं आणि मुलांची लग्नं पार पाडून गेलेल्या माणसाची आठवण विशेषणांवर भागवू नये, असं मला मनापासून वाटतं. तो कसा होता हे त्याच्या कागदांतून कळतं.

हे पुण्याला कुणी वेगळं सांगायला नको. पेशवे दफ्तर याच शहरात आहे. मोडीतल्या त्या कोट्यवधी कागदांत लढाया नि तह आहेत, तसे रोजचे खर्चही आहेत, आणि त्या काळातला सामान्य माणूस कसा जगत होता हे अभ्यासकांना या हिशेबांतूनच उमगतं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळली आणि 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडानं छापत गेले. 1910 मध्ये इथेच भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. त्याच शहरात वडिलांचे दिवस होत नाहीत तोच त्यांच्या डायऱ्या रद्दीच्या गठ्ठ्यात जातात. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या कितीतरी घरांतले फोटो, पत्रं, दाखले पाण्यानं नेले. त्याला इलाज नव्हता. रद्दीवाल्याला मात्र आपणच बोलावतो.

माझे वडील, अण्णा, मूळचे भोरचे. त्यांच्या खिशात मावणाऱ्या डायऱ्या आम्ही ठेवल्या आहेत. वर्षाच्या सुरुवातीला बँकेकडून मिळायच्या, तसल्या. अक्षर बारीक, शाई फिकी झालेली. दळण, रॉकेल, स्वारगेट-भोर एसटी भाडं, घरून आलेला आंबेमोहोर. एका वर्षी दर महिन्याच्या शेवटी ‘सायकल टायर, पुढील महिन्यात’ असं लिहिलेलं आहे. त्या महिन्यांच्या पानांवर धाकट्या काकांची परीक्षा फी आहे, आजीच्या औषधाचे पैसे आहेत, भोरला पाठवलेली मनिऑर्डर आहे. टायरची रक्कम दिवाळीनंतर एकदाची पडते. त्या पावसाळ्यात ते कामावर कसे जात असतील, याचा विचार मी डायरी हाती येईपर्यंत कधी केला नव्हता, आणि ते स्वतः कधी बोलले नव्हते. कुटुंबवत्सल म्हणजे काय, हे मला त्या पानांवर दिसलं.

पण हिशेबाच्या पलीकडचं सांगायला माणूसच लागतो, आणि तो असतानाच विचारायला हवं. डॉ. नरेंद्र जाधव पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले त्याच्या बऱ्याच आधी त्यांनी ही गोष्ट केली होती. नाशिकजवळच्या ओझरहून आलेले, मुंबईत पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केलेले त्यांचे वडील दामोदर जेमतेम लिहू-वाचू शकत. निवृत्तीनंतर मुलानं त्यांना आठवणी लिहायला बसवलं. ‘आमचा बाप आन् आम्ही’ हे 1993 चं पुस्तक त्यातून उभं राहिलं. 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात गेलेला आणि पुढे मुलांच्या शिक्षणासाठी हट्टाला पेटलेला हा बाप त्या वह्यांवाचून त्यांच्या घरापुरताच राहिला असता. तेही एक-दोन पिढ्या. जातीनं ज्यांच्या पूर्वजांना दौत-लेखणीपासूनच लांब ठेवलं, त्यांच्यासाठी बापानं स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ किती मोलाची असते, हे माझ्यासारख्यानं फार अधिकारानं बोलू नये. पण ते मोल दिसतं.

प्रेमाच्या माणसाबद्दल लिहिताना हात आखडतो, हीही अडचण आहे. रमाबाई रानडे यांनी तो आखडू दिला नाही. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे 1901 मध्ये गेले. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ 1910 मध्ये आल्या. नवऱ्याला देव मानणाऱ्या या बाईंनी त्यांचा अबोला लिहिला, त्या अबोल्यानं स्वतः किती कासावीस झाले तेही लिहिलं. त्यामुळे न्यायमूर्ती लहान झाले नाहीत; घरात वावरणारे झाले. आमच्या अण्णांचा राग असाच होता. ताट सारून उठायचे. श्रद्धांजलीच्या भाषणात हे कुणी बोललं नाही. मी बोलायला हवं असं मानतो, कारण तो राग बहुतेकदा महिनाअखेरीस यायचा आणि डायरी शेजारी ठेवली की त्याचं कारणही सापडतं.

एक नोंद मात्र उलगडत नाही. एका मार्चमध्ये त्या काळाच्या मानानं मोठी रक्कम आहे, पुढे नाव नाही, फक्त ‘परत मागू नये’ एवढंच. आईला ठाऊक नव्हतं. भोरला आत्या आहे, नव्वदीच्या घरात, पण बोलायला लागली की साल-तिथीसकट सांगते. येत्या रविवारी डायरी घेऊन तिच्याकडे जाणार आहे. मुलीला बरोबर नेतो आहे, ती मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करून घेईल.