तिला खायला द्या



याईरच्या मुलीचे शुभवर्तमान (मार्क ५:२१-४३) आपण अनेकदा ऐकले आहे. प्रभू येशूने बारा वर्षांच्या मुलीला उठवले, हे आपल्या लक्षात राहते. त्याआधी त्याने रडणारी गर्दी घराबाहेर काढली, फक्त आईवडील व तीन शिष्य आत घेतले आणि शेवटी मुलीला खायला द्यायला सांगितले, हे मात्र आपण विसरतो. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या लेकरांच्या घरी नेमकी याच दोन गोष्टींची रोज गरज पडते.

केमोथेरपीचे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. त्यात केसांची मुळे, तोंडातील नाजूक त्वचा आणि रक्त तयार करणारा हाडांतील मगजही सापडतो. म्हणून केस गळतात, तोंड येते, मळमळते. केस बहुधा परत येतात, हे मुलाला आधीच सांगावे. मऊ खिचडी, वरणभात थोडा थोडा, कोमट करून, अनेक वेळा द्यावा; तिखट नको. उलटीचे औषध उलटी होईपर्यंत ठेवू नये, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच द्यावे. खाल्ल्यावर कोमट मीठपाण्याने चूळ भरावी. आणि जेवत नाही म्हणून रागावू नये. त्याला खरेच गिळवत नसते. त्याच्या नावाने उपवासाचा नवस बोलणाऱ्यांनी तो स्वतः करावा, लेकराला करायला लावू नये.

पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साधा संसर्गही जिवावर बेततो. म्हणून सर्दी-खोकला असलेल्यांनी भेटायला जाऊ नये. वीस जणांनी त्या खोलीत जमून जपमाळ म्हणण्यापेक्षा आपापल्या घरी म्हणावी. देव तेथूनही ऐकतो.

ताप १००.४ अंश झाला तर घरातली गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीच डॉक्टरांना फोन करून दवाखाना गाठावा. आपल्या बीड जिल्ह्यात अडचण येते ती इथेच. आईवडील ऊसतोडीला जातात, लेकरू आजीपाशी राहते. आजीकडे थर्मामीटर हवा आणि तो वाचता यायला हवा.

मुंबईत २००६ साली संत ज्यूडच्या नावाने सेंट ज्यूड चाइल्डकेअर सेंटर्स सुरू झाली. बाहेरगावाहून उपचारासाठी येणाऱ्या मुलांची व पालकांची राहण्याची मोफत सोय तेथे होते. तेवढे आपल्याला जमणार नाही. पण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत सोबत जाणे जमेल. ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनी आज मिस्सानंतर आपल्या वाडीवस्तीतील अशा आजीला आपला फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा.