गोडाची मात्रा कोणाच्या हाती?

कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की माणसापुढे श्रेय आणि प्रेय दोन्ही येतात. विवेकी माणूस त्यांची पारख करून श्रेय स्वीकारतो. ही शिकवण आपण आयुष्यातल्या मोठ्या निर्णयांसाठी राखून ठेवतो. पण हा प्रश्न रोज आपल्या पानातही उभा असतो, आणि आज तो अधिक अवघड झाला आहे, कारण प्रेय आता श्रेयाचा वेष घेऊन येते. फळांच्या गोड योगर्टचा कप हे त्याचे नेमके उदाहरण. दही चांगले, फळ चांगले, वेष्टनावर आंब्याच्या फोडी किंवा स्ट्रॉबेरीचे चित्र. मग शंका घ्यायची कशाची? इथे माणूस चुकीची निवड करतो असे नाही, निवडीआधीची पारखच होत नाही. म्हणून संयमाचा अर्थ नव्याने समजून घ्यायला हवा. संयम म्हणजे गोडाचा त्याग नव्हे. गोडाची मात्रा जाणून ती आपल्या हाती ठेवणे, हा खरा संयम.

आधी वस्तुस्थिती पाहू. 100 ग्रॅम साध्या दह्यात दुधाची स्वतःची साखर साधारण 4 ते 5 ग्रॅम असते. फळांच्या गोड योगर्टमध्ये एकूण साखर बहुधा 11 ते 15 ग्रॅमपर्यंत जाते, आणि हा फरक मुख्यतः वरून घातलेल्या साखरेचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये अशा साखरेतून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी, आणि शक्य तर 5 टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा घ्यावी असे सुचवले. 2000 किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा अनुक्रमे 50 आणि 25 ग्रॅम होते. दुधातली आणि अख्ख्या फळातली साखर या हिशेबात धरत नाहीत. मध, काकवी आणि फळांचा रस मात्र धरतात. म्हणजे एक लहान कप 25 ग्रॅमच्या मर्यादेचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक संपवतो, आणि लहान मुलाची मर्यादा तर याहूनही कमी. एका कपाने कोणी आजारी पडत नाही. पण रोजचा आरोग्यदायी खाऊ म्हणून तो घरात आला, की खाणाऱ्याने कधीही न घातलेली साखर त्याच्या खाती रोज जमा होत राहते.

आहाराच्या संयमाविषयी आपल्याकडे एकच मत नाही. गांधीजींनी 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली. त्यांतल्या अस्वादव्रतात अन्न औषधासारखे, चवीचा विचार न करता घ्यावे असा आग्रह आहे. जैन परंपरेतल्या रसपरित्यागात दूध, दही, तूप, गूळ-साखर असे रस सोडणे हे तप मानले जाते. व्रतस्थाला हे मार्ग शोभतात. संसारी माणसाला मात्र गीतेची भूमिका अधिक जवळची आहे. अती खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे सहावा अध्याय म्हणतो. सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराच्या लक्षणांत रसाळपणाही आहे. चव हा शत्रू नाही. गीतेचा भर आहार युक्त असण्यावर आहे, आणि किती काय खाल्ले हेच ठाऊक नसेल तर युक्तायुक्त ठरवणार कशावरून?

यावर आक्षेप येईल की आपली परंपराच दह्यात साखर घालते. परीक्षेला निघालेल्या मुलाच्या हातावर दही-साखर ठेवतात, पंचामृतात साखर आणि मध दोन्ही असतात, पाडव्याला श्रीखंड होते; चरकसंहितेतही दह्यासोबत साखर सांगितली आहे. आक्षेप खरा आहे. पण चरकसंहितेत साखरेबरोबर तूप, मध, मुगाचे कढण, आवळा हेही सांगितले आहेत आणि रात्री दही वर्ज्य केले आहे. दही-साखर चमचाभर, तीर्थ पळीभर, श्रीखंड सणाचे. गोडाला काळ आणि प्रमाण होते. ही मर्यादा काही अंशी टंचाईनेच घातली होती, हेही मान्य करायला हवे. साखर महाग असताना ती कमी खाणे हा सद्गुण नव्हता, नाइलाज होता. आज साखर स्वस्त आणि विपुल आहे, म्हणूनच संयम हा पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आपला निर्णय होऊ शकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पथ्याचे खाणे ही सधनांची चैन, कष्टकऱ्याला त्याचा उपदेश कशाला? या बाबतीत हिशेब उलटा आहे. दूध 60 रुपये लिटर धरले, तर पाव लिटर दुधाचे दही पंधरा रुपयांत लागते. त्यात पिकलेले केळे कुस्करले, पेरू किंवा पपईच्या फोडी घातल्या, की वेगळी साखर लागत नाही. केळ्याची किंवा डाळिंबाची दह्यातली कोशिंबीर मराठी घरांना नवी नाही. दाट हवे तर दही फडक्यात टांगून चक्का करावा, त्यात भिजवलेल्या मनुका किंवा खजुराचे तुकडे मिसळावेत. विरजण लावायला वेळ नसेल तर बाजारचे साधे दही घ्यावे. साखरेऐवजी मध किंवा गूळ घातला म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र समजू नये. त्यांचीही मात्रा मोजावीच लागते.

शेवटचा आक्षेप असा, की खाण्यात नीती आणली की माणूस प्रत्येक घासाला अपराधी होतो आणि दुसऱ्याच्या ताटावर नजर ठेवू लागतो. हा धोका खरा आहे, आणि सोवळ्या-ओवळ्याचा इतिहास असलेल्या समाजाने तो विसरू नये. पण अपराधीपणा येतो तो सुखालाच पाप मानल्याने. मात्रा जाणून घेतलेल्या सुखात तो नसतो. डब्यावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर फळाच्या आधी आली असेल, तर त्या कपात फळापेक्षा साखर जास्त आहे. एवढे वाचावे, आपल्या वाटीत साखर घालायची तर आपल्या हाताने घालावी, आणि घातली तर आनंदाने खावी. श्रेय-प्रेयाची पारख इतकी साधी असू शकते, आणि ती कोणत्याही घराला परवडते.