नावेची कोरड्यावर पाहणी

पाठ : लूक ५:१-८; यहोशवा ७.

गनेसरेत सरोवराच्या काठी पेत्राची नाव उभी होती, आणि सारी रात्र श्रम करूनही तिच्यात एक मासा आला नव्हता. प्रभूने त्या नावेत बसून लोकांस शिकविले व मग खोल पाण्यात जाळी सोडावयास सांगितले. पुढचा चमत्कार आपल्या लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु लूक आणखी एक गोष्ट सांगतो, तिजकडे फारसे लक्ष जात नाही. मासे इतके आले की दोन्ही नावा बुडावयाच्या बेतात आल्या. वादळाने नव्हे, प्रभूच्या देणगीच्या भाराने! वादळातून राखावे म्हणून आपण नित्य प्रार्थना करितो. सुगीच्या भारातून राखावे अशी प्रार्थना आम्ही क्वचितच ऐकिली आहे.

प्रिय बंधुभगिनींनो, भार येण्यापूर्वी नाव कोरड्यावर तपासावी लागते. ह्याचे उदाहरण आज दूर देशातून घेऊ. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात दहा हजारांहून अधिक सरोवरे आहेत, व तेथे मासे धरण्यास अॅल्युमिनियमच्या लहान नावा पुष्कळ लोक वापरतात. ज्या भांड्यांस आपल्या खेड्यांत 'जर्मनची भांडी' म्हणतात, त्यांचाच हा धातू. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा, सन १९४४-४५ च्या सुमारास, लढाऊ विमाने करणाऱ्या ग्रमन कारखान्याने ह्याच धातूच्या नावा करण्यास आरंभ केला. तलवारींविषयी यशयाने जे भविष्य पाहिले, त्याची लहानशी चुणूक आम्हास येथे दिसते.

अशी जुनी नाव घेणारा शहाणा मनुष्य तिच्या रंगावर भुलत नाही. तो आधी मागच्या फळीकडे जातो. कारण यंत्र तिच्यावरच टांगलेले असते व सगळा जोर तीच सोसते. वरून पत्रा चकचकीत, पण आत बहुधा लाकूड असते, आणि ते कुजले तरी बाहेर दिसत नाही. म्हणून तो ठोकून पाहतो. बाजारात मडके घेताना आपल्या आयाबहिणी टिचकी मारितात, तसेच हे. घट्ट लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले बद्द वाजते.

नंतर, नाव गाडीवर असतानाच, तो तिच्या आत थोडे पाणी ओततो आणि खाली वाकून बाहेरून पाहतो. पत्र्याचे सांधे रिव्हेटांनी जोडलेले असतात, व लाटांचे तडाखे बसून काही रिव्हेट सैल होतात. डोळ्यांस जे दिसत नाही ते पाणी शोधून काढते. जेथे थेंब दिसेल तेथे तो खडूने खूण करितो. मात्र पाणी बेताने ओतावे लागते. फार भरले तर तो भार नावेस व गाडीस सोसत नाही. दुसऱ्यांच्या दोषांची चौकशी आवडीने करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

शेवटी तो आतल्या फळ्या उचलून तळ पाहतो. अॅल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. परंतु तांब्याचा तुकडा ओलीत त्याला लागून राहिला, तर पत्र्यास खड्डे पडू लागतात. दोन निराळे धातू व मध्ये पाणी, एवढे कारण पुरे. खिशातून पडलेले तांब्याचे एक नाणेही अशी इजा करिते. आणि ह्यात नवल हे की, तांबे शाबूत राहते. झिजतो तो पत्रा.

येथे आखान आठवतो. यरीहोचा कोट पडला, इस्राएलास मोठा जय मिळाला, आणि त्याच जयाच्या दिवशी आखानाने एक झगा, २०० शेकेल रुपे व ५० शेकेल वजनाची सोन्याची वीट आपल्या तंबूत पुरून ठेविली. तंबू वरून पूर्वीसारखाच दिसत होता. मग आय नगरापुढे सुमारे ३६ माणसे पडली. त्यांनी काही चोरले नव्हते.

उपदेशक बंधूंनो, सुगीच्या सणास मंडळीत धान्य व पैसा येतो, आणि पुष्कळ गावी पेटी एकाच घरी राहते. त्या घरी आजारपण येते, मुलाची फी भरावयाची असते. 'पुढल्या महिन्यात ठेवू' असे म्हणून पेटीतून २०० रुपये घेतले जातात. घेणारा दरोडेखोर नसतो. भर पावसात चिखल तुडवीत मरणाऱ्याच्या उशाशी जाऊन प्रार्थना करणारा तो मनुष्य असतो. म्हणूनच हे लिहिताना आमचा हात जड होतो. पण नाणे तळाशी राहिले. आता दानाविषयी उपदेश करिताना त्याची दृष्टी खाली जाते. हिशेब विचारणारा एखादा म्हातारा ज्या घरी आहे, तेथे तो भेटीस जात नाही. वर्षभरात ते घर उपासनेस येईनासे होते. रुपये कदाचित परतही येतील. ते घर परत येईल काय?

आणि ज्या मंडळ्या उपदेशकाचे वेतन महिनोन्‌महिने थकवितात, त्याच्या घरी चूल पेटली की नाही हे विचारीत नाहीत, त्यांनी त्याच्याकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्याही नावेत थोडे पाणी ओतून पाहावे.

भोक सापडले म्हणजे नाव टाकून द्यावी, असे नव्हे. सन १९८६ मध्ये अवर्षणामुळे गालील सरोवराचे पाणी हटले, तेव्हा गिनोसरजवळ दोन कोळी भावांस चिखलात एक प्राचीन नाव सापडली. ती सुमारे ८ मीटर लांब असून प्रभूच्या काळाच्या आसपासची आहे. ती पेत्राचीच असे म्हणण्यास पुरावा नाही, व तशी गरजही नाही. तिच्यात दहा-बारा जातींचे लाकूड आढळले. फळ्या मुख्यत्वे गंधसरूच्या, पण जागोजाग दुसऱ्या झाडांची ठिगळे, त्यांत आपल्या बोरीच्या जातीचेही लाकूड, आणि काही फळ्या तर आधीच्या नावांच्या. कोणा गरीब कोळ्याने ती पुन्हा पुन्हा सांधून पाण्यात घातली होती. आज ती गिनोसर येथील संग्रहालयात जपून ठेविली आहे.

तर येत्या प्रभुभोजनापूर्वी प्रत्येक मंडळीच्या पंचांनी पेटी दोघांसमक्ष उघडावी, आणि हिशेब सर्वांस वाचून दाखवावा. ज्याने काही घेतले असेल त्याने आदल्या दिवशी पाळकाकडे येऊन तसे सांगावे. पाळकाने दार लावून, शांतपणे ऐकून घ्यावे व फेडीचा हप्ता ठरवावा. हप्ता दहा रुपयांचा असला तरी चालेल. तो वहीत लिहावा, आणि पेटीला दुसरे कुलूप लावून त्याची किल्ली दुसऱ्या घरी द्यावी.